हातचा एक

जानेवारीची सत्तावीस. पारा उणे बावीस.
सुपीरियर सरोवरावरचा वारा थेट अंगणात.
हापाला मोटर्सच्या मागच्या रांगेत
विजेच्या दोन गाड्या बर्फाखाली,
नुसते आरशांचे कान वर.
एकशे अठ्ठेचाळीस दिवस झाले.
बँकेचं व्याज रोज माझ्याआधी कामावर येतं.

मी इथली हिशेबनीस. डावीकडे पेट्रोल,
उजवीकडे वीज, मध्ये रेघ.
पिकअप आठवड्याला तीन जातात
आणि गेलेली प्रत्येक परत येते :
तेल, पट्टा, सायलेन्सर, मिठानं खाल्लेला पत्रा.
शोरूमचे दिवे ऑरिनच्या पान्यावर जळतात.
विजेची गाडी परत येऊन मागणार काय?
टायर. काच पुसायचं पाणी.
वर कंपनीचं पत्र : दोन चार्जर बसवा,
काँक्रीट फोडा, मार्चअखेर कळवा.

वेंडेल पत्राची घडी घालतो, उलगडतो.
कागद घडीवरच फाटायला आलाय.

काल आयरीन आली, टपाल वाटायची ती.
बूट झटकत म्हणाली, "थंडीत किती जाते?"
दुसऱ्या कुणी माहितीपत्रक पुढे केलं असतं.
"लिहिलंय त्याच्या अर्धी," वेंडेल म्हणाला,
"वारा समोरून असला तर तेवढीही नाही."
"बहीण नव्वद मैलांवर असते माझी."
"मग रात्री तिच्याकडेच राहावं लागेल."
"तेवढं प्रेम नाही आमच्यात." हसली, गेली.
मी वहीत काही लिहिलं नाही.
खरं बोलल्याचा रकाना नाही माझ्याकडे.

संध्याकाळी बॅटरी गारठू नये म्हणून
वेंडेलच एक गाडी घरी घेऊन गेला.

सकाळी कॉफी ढवळत, माझ्याकडे न बघता :
"बाबा नुसत्या आवाजावरून सांगायचे,
कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतोय.
काल पुलावर वाटलं, माझे कान गेले.
मग ऐकू आला चाकांखालचा बर्फ.
बासष्ट वर्षं इथे राहतोय,
तो असा करकरतो, माहीत नव्हतं."

पत्रावर सही नाही अजून.
ऑरिनला मात्र म्हणाला,
आज बर्फ मागच्या रांगेपासून काढ.

दुपारी आयरीनचा फोन. हातमोजा राहिलाय का बघ.
राहिला होता. ठेवता ठेवता म्हणाली,
बहिणीच्या गॅरेजात प्लग आहे म्हणे.

मी बेरीज केली. पुन्हा केली.
पेट्रोलची बाजूच जड.
हातचा एक आला, तो नेहमीसारखा
पुढच्या घरात ढकलला नाही.
पेन्सिलीनं कोपऱ्यात लिहून ठेवला,
हातमोज्याशेजारी.