सहा जणांसाठी नऊ दिवस

दिवस पहिला : विमानतळ, स्वागत, मुक्काम मोशी.
एवढं लिहिलं आणि वीज गेली.
दिवस दुसरा मेणबत्तीवर.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सफारी.
पार्किरे फोनवर विचारतो, काय काय बघायचंय पाहुण्यांना?
मी पत्र वाचून दाखवते :
सिंह, जमल्यास आयाळवाला. झाडावर बिबट्या.
आणि नदीत उड्या घेणारे वाइल्डबीस्ट.
"फेब्रुवारीत?" तो हसत सुटतो.
"फेब्रुवारीत ते बाळंतपणात असतात, आयकांदे,
नदीशी त्यांचं काय काम!
पिल्लू दाखवीन. ओलं, लटपटणारं,
बघता बघता आईमागे पळायला लागलेलं."
पिल्लू, लिहिते मी. आणि सिंहापुढे : बहुधा.
सोळा वर्षं हे दुकान
या एका शब्दावर उभं आहे.

चौथ्यापासून आठव्यापर्यंत डोंगर.
डोंगराला मी पाच रकाने आखून दिलेत.
मंदारा, होरोंबो, किबो,
मग मध्यरात्री निघून माथा, मग खाली.
एकानं विचारलंय, सूर्य नक्की किती वाजता?
एकीनं, केस वाळवायचं यंत्र चालेल का?
मी सगळ्यांना प्रेमानं उत्तर देते,
फक्त हे सांगत नाही
की होरोंबोच्या वर मी स्वतः गेलेली नाही.
विसाव्या वर्षी तिथूनच मला खाली आणलं,
ओकत, बरळत,
न्देलिलिओच्या पाठीवर.
त्याच्या मानेला रॉकेलचा वास येत होता,
आणि तो वाटभर मला
त्याच्या गाईंची नावं सांगत होता, मी झोपू नये म्हणून.

हमालांची यादी : अठरा नावं.
माणशी वीस किलो, फाटकावर काटा आहे,
काट्याला ओळखदेख नसते.
अंडी दीडशे, ट्रे पाच.
ट्रे कायम न्देलिलिओकडे.
इतक्या वर्षांत त्याच्या डोक्यावरचं एक अंडं
तडकल्याचं आठवत नाही कुणाला.
काल तो दारातून आत आला
तेव्हा उजवा पाय आधी टेकवला, मग डावा ओढला.
मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यानं पाहिलं.
मी नावावर रेघ मारली, पट्टी लावून, सरळ.
तो म्हणाला, "अंडी कोण नेणार?"
एवढंच.

दिवस नववा : स्थानिक संस्कृती, दोन तास, कॉफीसह.
म्हणजे आमची मावशी.
केळीच्या बागेत ती उखळात कॉफी कांडते,
पाहुणे टाळ्या वाजवून ठेका धरतात,
मग केळ्या-नाचणीची म्बेगे, भोपळ्याच्या तुंब्यातून.
मावशी म्हणते, "मंगळवारी नको गं तुझी संस्कृती.
मंगळवारी माझा बाजार असतो."
"अगं, त्यांचं विमान बुधवारी पहाटे."
"मग त्यांना बाजारात पाठव.
सहा जण आहेत ना धडधाकट?
डोंगर चढून आलेले? सहा घड उचलतील."
मी खोडते, लिहिते :
केळीच्या घडांसह पायी प्रवास. अनुभव अस्सल.
दर तोच.

वीज आली. पंखा कागद उडवू लागला.
मी यादीवर हात ठेवला,
हात नेमका रेघेवर.

पहाटे कुंपणातलं मसालेचं पान तोडलं.
आमच्यात पान गाठ मारून दिलं
की समोरच्याला रागावून राहता येत नाही,
रक्ताचं भांडणसुद्धा त्यानं मिटतं, म्हणतात.
परत कामावर घेते, असं सांगायला जात नव्हते.
गुडघा तसाच आहे, डोंगरही.
काय सांगायला जात होते, ते पानाला ठाऊक.

न्देलिलिओ घरी नव्हता.
बायको गाईंना केळीचे बुंधे चिरून घालत होती.
"तो? फाटकावर गेला.
उभा राहतो तिथे पोरांच्या रांगेत.
एखादी टोळी घेईल, म्हणाला,
ज्यांना माहीत नाही."

तिनं पान घेतलं, गाठ बघितली,
ओल्या हातानं पदरासारखं कांगेच्या टोकात खोचलं,
आणि विचारलं,
"चहा घेशील का? की तुझे पाहुणे आलेत?"