ओलं फडकं

गिरीपुंजे साहेब आले तेव्हा मी गाडीखाली होते.
पाय तेवढे बाहेर, पायांत भावाच्या जुन्या चपला.
"मालक आहेत का?" त्यांनी पायांना विचारलं.
मे महिना. प्रतापनगरात अकरालाच रस्ते ओस,
कूलरच्या वाळ्याचा वास गल्लीभर.
मी सरपटत बाहेर आले. हाताला ग्रीस,
म्हणून नमस्कार कोपरांनी.

बावन्न सालची मॉरिस मायनर. समोरची काच दोन तुकड्यांची,
वळायचं झालं की खांबातून पिवळा हात बाहेर काढते,
डावा लगेच, उजवा थापटी मारल्यावर.
ही घेतली तेव्हा ऑफिसात म्हणाले होते,
एवढ्यात प्लॉट आला असता बाई, बेसा रोडला.

साहेबांकडे चौतीस आहेत. हिंगणा रोडला शेड,
आत थंडगार, प्रत्येकीवर मापानं शिवलेली खोळ,
खोळीवर नंबर.
"ही पस्तिसावी," म्हणाले, आणि आकडा सांगितला.
बरा होता आकडा. खोटं कशाला बोलू,
मनातल्या मनात मी तो दुसऱ्यांदा म्हणून पाहिला.
पण आकडे मी छत्तीस वर्षं मोजलेत
पोस्टाच्या हिशेबखात्यात, दुसऱ्यांचे, पै न् पै जुळेस्तोवर.
घरी आल्यावर मोजण्यासारखं काही नको होतं.

मी विचारलं, "तुमच्या चौतिसांत सकाळी खोकते कोण?"
"म्हणजे?"
"चोक ओढूनही रुसते कोण? वळणावर दार कुणाचं उघडतं?"
"त्याला माणूस ठेवलाय," साहेब म्हणाले.

माणूस माझ्याकडेही आहे. दौलत निमजे, गोळीबार चौकातला.
बाप, आजा मागावर बसलेले.
शेजारच्या घरी धोटा अडखळला
तरी आजा झोपेतून उठायचा म्हणे.
दौलत तसाच इंजिनापाशी उकिडवा, कान तिरपा करून,
"तिसरं सिलिंडर नाराज होऊन राह्यलं बाई," म्हणतो
आणि पैसे मागायला विसरतो.
मग संध्याकाळी बायको येते मागायला.

एकदा माझ्याही दोन झाल्या होत्या.
कामठीला एक हेराल्ड सापडली, कोंबड्या बसायच्या तिच्यात.
हौसेनं ओढून आणली. आणि दोन वर्षं
हिचं ऐकायला बसावं तर तिचं राहून जायचं,
सीटखालून पिसं निघत राहिली,
धड एकही होईना माझ्याच्यानं.
उमरेडच्या एका मास्तरांना देऊन टाकली.
रविवारी ते तिच्यात बसून पेपर तपासतात असं कळलं.
बरं वाटलं. थोडं जळलंही.

यातलं साहेबांना काही सांगितलं नाही. पन्हं दिलं.
"बसून बघू का?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम लहान.
किल्ली फिरवली. बॉनेटखालून
टिक् टिक् टिक् टिक्.
"हे काय वाजतंय?"
"पंप. पेट्रोल ओढून घेतेय. पोट भरलं की गप्प होईल."
त्यांनी स्टार्टर ओढला नाही. ऐकत बसले.
टिक्.
टिक्.
मग नुसता कूलर.

जाताना वायपरखाली कार्ड ठेवलं,
मागच्या बाजूला पेननं आकडा, आधीपेक्षा मोठा.

पुढच्या मंगळवारी भर दुपारी दोनला फोन.
मागे ट्रक, हॉर्न. वर्धा रोड असणार.
"ताई, बंद पडली. तेल आहे, पाणी आहे, सगळं आहे."
"कोणती?"
"फियाट. पहिली. आमच्या वडिलांनी... ते जाऊ द्या.
ड्रायव्हरला सांगितलं नाही, मीच काढली."
शेहेचाळीस डिग्री. नळीतच पेट्रोलची वाफ झाली असणार.
"पंपावर ओलं फडकं ठेवा."
"फडकं नाही. रुमाल आहे. रेशमी."
"चालेल."
"किती वेळ थांबायचं?"

ते मी सांगितलं नाही.
फोन त्यांनीही ठेवला नाही.
बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा,
आणि कुणीतरी, बहुतेक तेच,
तिला हळूच काहीतरी म्हणालं.