कर्ता

चौकशी शाळेच्या व्यायामशाळेत चालली.
जमिनीवर अजून व्हॉलीबॉलच्या रेघा,
भिंतीवर, माझ्या डोक्याच्या हातभर वर,
पाण्याची.
या रेघांच्या मधे बसून
मी बोललेलं टंकत होते.
माझं काम एवढंच. रोजाचे अठरा हजार पेसो
आणि दुपारचं सूप.

आधी आले नगरपालिकेचे सचिव, सेन्योर बास्कुन्यान.
म्हणाले, धक्का दोन वाजून दहा मिनिटांनी जाणवला.
वरिष्ठांना कळवण्यात आलं.
उत्तराची वाट पाहण्यात आली.
भोंग्याची किल्ली वेळेत उपलब्ध होऊ शकली नाही.

मग प्रांताचे अधिकारी, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन:
आदेशाचा मसुदा तयार करण्यात आला होता.
मग वाल्पाराइसोहून नौदलाचे, कडक इस्त्रीचे:
इशारा दिला गेला. नंतर मागे घेतला गेला.
का, याची नोंद आढळत नाही.

मी टंकत गेले.
वाक्यामागून वाक्य, धुऊन पुसून ठेवलेलं,
कुणाच्या बोटाचा ठसा नाही.

लाट यायला बेचाळीस मिनिटं होती.
बेचाळीस मिनिटांत आमच्याकडचं म्हातारं माणूससुद्धा
टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत पोचतं,
वाटेत दोनदा बसून.

तोच भोंगा रोज दुपारी बाराला वाजायचा.
त्यावर आम्ही चुलीवरचे बटाटे उतरवायचो.
तेव्हा किल्ली असायची.

जेवणानंतर एदुविना आली.
खुर्ची दिली तर तिच्यावर काठी ठेवली, आपण उभीच राहिली.
अध्यक्ष म्हणाले, आपल्याला माहीत असेल ते सांगा.
ती म्हणाली,
मी पातेलं घेतलं. मी डाव घेतला.
बडवत निघाले. अकरा घरं उठवली.
ओर्तेन्सियाला मी आईवरून शिव्या घातल्या,
बया गाद्या गोळा करत होती.
बाराव्या घराशी मी गेले नाही.
गुडघे नको म्हणाले, आणि मी गुडघ्यांचं ऐकलं.
लिही ते.
मी गेले नाही.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला.
हे चौकशीच्या कक्षेत येत नाही, बाई.
वगळू या.

बारावं घर ओळीतलं शेवटचं, निळ्या दाराचं.
ते दार मी रंगवलंय.
नोल्बेर्तोने शिडी धरली होती,
आणि सारखा म्हणत होता, कोपरा राहिला, कोपरा राहिला.

घरातलं कमावतं माणूस गेलं की म्हणतात
कर्ता गेला.
त्या रात्री वस्तीतले एकोणीस गेले.
उरलेले या टेबलापलीकडे गेले,
एकेका वाक्यातून,
टाय सावरत.

अहवाल मार्चमध्ये निघाला, शाळा उघडायच्या आठवड्यात.
तीनशे सहा पानं. मी पहिल्यापासून शोधत गेले,
कुणी काय केलं.
'ने' एकदाच लागला होता:
'समुद्राने वस्ती गिळली.'
समुद्राला समन्स गेलं नव्हतं,
त्यामुळे त्याचं म्हणणं मिळालं नाही.

किल्ली सापडली होती, बरं का. पुरावा क्रमांक नऊ.
सचिवांच्या खणात, नाताळच्या शुभेच्छापत्रांखाली,
चिकटपट्टीवर सुंदर अक्षरात: भोंगा.
पिशवीसकट मी ती तळहातावर घेऊन पाहिली.
माझ्या घराच्या किल्लीपेक्षा हलकी.

आणि जोडपत्र तीन, पान दोनशे चौदा,
खालून चौथी ओळ:
मी गेले नाही.
वगळायला सांगितलं होतं.
मी वगळलं नाही.

टंकलेखिकेचं नाव छापायची पद्धत नाही.
फ्रेसिया कातालान.