केवळबाईची बैठक

औशाच्या गाडीतून उतरले की मी सरळ पडद्यामागं जाते.
लुगड्याची घडी घालते, चार पदरी,
पाहुणी म्हणून कुणाकडं राहायला गेल्यागत.
मग लाकडी ओट्यावर. डावा पाय मुडपून.
बिडवे सर खडूनं माझ्या पावलाभोवती रेघ मारतात,
चहानंतर पाऊल परत तिथंच पडावं म्हणून.

वर पत्रा. लातूरचं ऊन.
तासभर कोळशाची खरखर,
सुपात ज्वारी पाखडल्यासारखी.

पहिल्या दिवशी मी भिंतीवरच्या पालीवर नजर लावून बसले.
पाल हलली नाही, मीही नाही.
मागून शबाना म्हणाली,
"मावशी, खांदा ढिला सोडा जरा, हाड दिसंना गेलंय."

हाड!
मी रात्रभर काय काय मनात आणलं होतं,
आणि ही हाड शोधायलीय.

तास सुटला की नेसून मी सगळ्यांचे कागद बघत फिरते.
शबानानं पोटावरचे टाके काढलेले, धाकट्याच्या वेळचे,
दोनदा पुसून तिसऱ्यांदा जमलेले.
ज्ञानोबाच्या एका रेघेत माझ्या पाठीचा बाक.
आठ वर्षं ऊस तोडला, हे त्याला कुणी सांगितलं?
मोईननं नुसता गुडघा काढलेला. सात वेळा.
सातही चुकलेले.

विष्णुकांतच्या कागदावर मात्र मी नेसलेली होते.
पातळ, ओलं, अंगाला चिकटलेलं काहीतरी,
जे मी जन्मात नेसले नाही.
टाके नाहीत. घोट्यावरचा घट्टा नाही.
वय वीस. ओठ अर्धे उघडे.
आणि डोळे, जे पालीवर होते,
ते वळवून त्यानं स्वतःकडं करून घेतलेले.

तेवढ्या एका कागदापुढं
माझा हात पदराकडं गेला.
पदर होता जागेवर. पिन लावलेला.

"काय रंग लावलाय!" कुणीतरी म्हणालं.
रंग चांगलाच होता, खोटं कशाला बोलू.
"ही कोण रे?" मी विचारलं.
"तुम्हीच की, मावशी."
"मग माझे टाके कुठायत?"
तो हसला. मग त्याला हसू पुरलं नाही.

पुढच्या मंगळवारी बराच वेळ
त्याच्या बाजूनं कोळशाचा आवाजच येईना.
मग आला, हळू.
पायापासून सुरू केलंय त्यानं. टाचेच्या भेगांपासून.
तीन मंगळवार झाले,
अजून घोट्याच्या वर आला नाही.