खांब: डोळस

स्कूटरच्या मागच्या दिव्याला लागते तेवढी वीज,
पाच वॅट, जास्त नाही,
तेवढ्यावर मी वेताळ टेकडीवर,
खाणीच्या वरच्या कडेला, पौषातल्या पिवळ्या गवतात
बसले आहे. मांडीवर डब्याएवढा रेडिओ.

मासे धरायची काठी बोहरी आळीतली.
दुकानदार म्हणाला, खडकवासल्याला का?
म्हटलं, नाही, जरा वर.
काठीच्या टोकाला तार, तारेच्या टोकाला
तुटक्या कंगव्याचा तुकडा, त्याला सुतळी,
सुतळी गिरिपुष्पाच्या फांदीला.
दहा मीटर आणि वर चार बोटं. ती चार बोटं
मी तीन रविवार कापत होते.

खाली कोथरूड. तिथे आमच्या गच्चीत
रेडिओवर फक्त शेजारचा मिक्सर, लिफ्टची मोटार,
अख्ख्या सोसायटीचे एलईडी दिवे ऐकू येतात.
इथे शांत. इतकं,
की शांततेलाही खरखर असते हे कळतं.

कळ दाबते. कोणी आहे का. कोणी आहे का.
मग माझी अक्षरं. थांबते.
कळ पितळी, जुन्या बाजारातली. तिच्या गोल मुठीवर
कुणीतरी वर्षानुवर्षं बोट ठेवून खळगा पाडलाय,
माझं बोट त्यात सैल बसतं.

एक आजोबा, फेरी मारता मारता: रेंज येत नाही का?
पुढच्या फेरीला: आली?

मग वनरक्षक. छातीवर नावाची पट्टी: डोळस.
तार बघून चेहरा बदलला.
मोरांना फास लावताय?
मी परवाना काढला, घडीवर पिवळा पडलेला.
त्यानं तो दोन्ही बाजूंनी वाचला,
वाकून एकदा तारेखालून गेला,
म्हणाला, बरं.
आणि तिथंच थांबला.

साडेपाचला वारा सुटला. काठी
दगडांतून निसटली, तार गवतात लोळायला लागली,
आणि नेमकं तेव्हाच, खरखरीच्या अगदी तळाशी,
माझीच अक्षरं, शेवटचं एक वगळून,
पुढे प्रश्नचिन्ह.

धरा! मी ओरडले, कोण आहे न बघता.
डोळसनं धरली. दोन्ही हातांनी, छातीशी,
टोपी पडली ती पडू दिली.

गॉलहून, लंकेतून. नाव पियसेन.
तिकडे पाऊस. तुमचा आवाज पाच, तीन, नऊ,
म्हणजे बारीक, पण समजतोय.
मी ऐकेल तसं मोठ्यानं सांगत होते.
"लंका?" डोळस काठीच्या टोकाकडे बघत म्हणाला,
जणू तिथूनच दिसेल.

मग आपली माहिती द्यायची असते. दिली.
वीज पाच वॅट. अँटेना तार.
खांब डोळस.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून:
खांबाला विचारा, हात दुखतात का.

सांगा, नाही, डोळस म्हणाला.
दुखत होते. काठीचं टोक थरथरत होतं,
आणि त्याच्याबरोबर पियसेनही
जरा बुडत होता, जरा वर येत होता.