नवव्या गाण्याचे शब्द

रावपुऱ्यात, लग्नपत्रिकांच्या छापखान्यावर माझी खोली.
खालचं यंत्र रात्री आठला थांबतं,
म्हणून चारुताची सगळी गाणी रात्रीची.
ऐकणाऱ्यांना वाटतं, तो तिचा स्वभाव.

दहा ठरली होती. आठ झाली.
दहावं तिनेच काढून टाकलं,
"फार रडकं आहे, माझ्या मामाला आवडेल," म्हणाली.
उरलं नववं.
चाल पूर्ण, अंतरे दोन, गिटार तिचीच,
तिसरी तार किंचित उतरलेली.
शब्द नाहीत.

शब्द नसले की ती हाताला लागेल ते गायची.
दुकानांच्या पाट्या, बसचे थांबे,
एकदा अख्खं वीजबिल, थकबाकीसकट.
नवव्यात गायलीय:

केळं नाही, नारळपाणी नाही,
बटाटा चिरून दोन पाण्यांतून काढायचा,
मीठ मोजून, टोमॅटो नाही,
दिवसाचं पाणी चार पेले
त्यातच चहा धरायचा

आणि "धरायचा"वर अशी मींड
की त्या रात्री माझा हात बटणावरच राहिला.
मग खोकला.
मग: "नको. उद्या पुन्हा घेऊ."
उद्या मंगळवार होता.
मंगळवार, शुक्रवार मशीनचे.

होळीच्या आधी गेली.
उन्हाळाभर मी रोज आठ वाजायची वाट बघत बसलो,
यंत्र थांबलं की काम सुरू.
जूनमध्ये कधीतरी लक्षात आलं,
आता नुसतं ऐकायचं आहे,
दिवसाही चाललं असतं.

नीरव म्हणाला, आवाज काढ, नुसती गिटार ठेव.
पुण्याच्या एका गीतकाराने दोन पानं पाठवली,
त्यात क्षितिज तीनदा.
चांगली होती पानं. पण गाणार कोण?

शेवटी माने काकू दांडियाबाजारातून चालत आल्या.
हेडफोन उलटा घातला, मी सरळ केला.
चार मिनिटं अकरा सेकंद.
चेहऱ्यावर काहीच नाही.
मग म्हणाल्या, "तीन पाण्यांतून.
एक पाणी खाल्लंन तिने."
मी म्हटलं, मात्रेत बसत नसेल.
"यादी माझी आहे," त्या म्हणाल्या.
"फ्रिजवर लावलेली.
डॉक्टर घाईघाईत सांगायचे, केळां बंध, आ बंध, ते बंध,
मी घरी येऊन मराठीत लिहून काढलं.
जेवताना बघायचीच नाही तिकडे.
मला वाटायचं, वाचलंच नाही."

मी काही काढलं नाही. खोकला ठेवला.
"उद्या पुन्हा घेऊ" मात्र कापलं,
ते माझ्यासाठी होतं.
तार उतरलेलीच राहू दिली.
नावांच्या यादीत, नवव्यासमोर:
चाल आणि आवाज, चारुता माने.
शब्द, कुमुदिनी माने.
काकूंनी ते दोनदा वाचलं
आणि कुमुदिनीतला पहिला उकार दीर्घ पडला होता
तो दुरुस्त करून घेतला.

दसऱ्याला गाणी बाहेर सोडली. सोडली म्हणजे एक बटण.
पेढे नीरवने आणले.
एका जाणत्या गृहस्थांनी मला थांबवून सांगितलं,
नववं म्हणजे वैराग्याची परिसीमा आहे.
मी मान हलवली.
दिवाळीनंतर भरूचहून एक फोन आला.
माणूस आधी बराच वेळ नुसता "हां, हां" करत राहिला.
मग म्हणाला, बायको हे गात बटाटे चिरते.
मराठी येत नाही तिला, तरी.
फक्त मोसंबी राहिलीय, म्हणते, मोसंबीही चालत नाही,
पुढच्या वेळी घाला.

काकू अजून येतात, महिन्या-दोन महिन्यांनी.
गाणं मागत नाहीत. पंख्याखाली बसतात,
पिशवीतून केळी काढून टेबलावर ठेवतात.
"घरात आता आणता येतात ना," म्हणतात,
"पण एकटीला डझन संपत नाही."
मी एक सोलतो.
भरदुपार असते,
खाली यंत्र चालू, फरशी थरथरते,
कुणाचं तरी लग्न छापून होत असतं.