एक जून

वाचनालयाच्या दारातला फळा रोज सकाळी मी लिहितो.
खडू आधी पाण्यात बुडवायचा, मग अक्षर दुपार धरतं.
नाहीतर बोरीच्या कोरड्या पात्रातून वावटळ उठते
आणि तह, लढाया, जयंत्या, शोध
एका फटक्यात घेऊन जाते.

एका तारखेत केवढी दाटी असते!
मी अमळनेर आगारात तीस वर्षं कंडक्टर होतो,
मला दाटीचं नवल नाही.
खिडकीशी कुणाचा तरी राज्याभिषेक,
त्याच्या मांडीला मांडी लावून एक भूकंप,
मागच्या बाकावर नुकतीच सापडलेली लस,
आणि दारात लोंबकळणारं एखादं बुडालेलं जहाज.
कुणी कुणाच्या ओळखीचं नाही.
तिकिटावर तारीख तेवढी सारखी.

आज लिहिलं:
१९३०. दख्खनची राणी पहिल्यांदा धावली.
१९४८. एसटीची पहिली गाडी, पुण्याहून अहमदनगरला.
आगारात आज एका गाडीला झेंडूचा हार असेल,
चालकाच्या हातावर अर्धा पेढा.

खाली वीतभर काळं उरलं.

त्या वीतभर जागेत आमचं अख्खं गाव मावतं.

आधार गुरुजी पडवीत रजिस्टर उघडून बसायचे.
पोरगं कधीचं?
कुणी म्हणे, कानबाईच्या रोटांच्या दुसऱ्या दिवशी.
कुणी म्हणे, धाकल्या सासऱ्याचा बैल मेला तेव्हाचं.
गुरुजी चष्म्यावरून नदीकडे बघत,
टाक दौतीत बुडवत,
आणि लिहीत: एक जून.
धुडकू, एक जून. हिलाल, एक जून.
सुपडू, ज्याच्या आधीची तीन गेली
म्हणून ज्याला जन्मताच सुपात घातलं,
तोही एक जून.
नावांना सगळं आठवत होतं.
आकड्यांनी हात वर केले.

पुढे एकतीस मेच्या एकाच संध्याकाळी
आम्ही चौघं निवृत्त झालो.
चार शाली, चार नारळ, भाषण एकच.
सुपडू तीन वर्षांपूर्वी गेला.
त्याची ती तारीख मात्र पक्की आहे,
दाखल्यावर तास आणि मिनिटांसकट.

माझ्या आधी आईनं केवळचं नाव सांगितलं होतं.
केवळ माझ्याहून तीन वर्षांनी मोठी.
पण दोघांना एकाच वर्गात बसवायचं होतं,
गुरुजींनी सालही तेच घातलं.
कागदावर आम्ही जुळे झालो.
चौथीनंतर जुळ्यातलं एक घरी राहिलं,
मग एका आखाजीनंतर झोका उतरवला
आणि ती पारोळ्याकडे नांदायला गेली.
माझं रजिस्टर पुढे चालत राहिलं.

आत्ता तिचा फोन आला.
"भाऊ, आज आपला वाढदिस शे ना रे!"
आणि हसत सुटली, दम लागेपर्यंत.
मग नेहमीसारखं सांगायला लागली:
"तू जल्मना तवय बोरीले पूर व्हता.
माय खाटवर, आजी दारमा,
मी वट्यावर उभी.
आपली तांबानी घागर
मन्हा डोयासमोर वाही गयी."

माझी खरी तारीख जगात एकटीच्या डोळ्यांत आहे
आणि तिला तारखा येत नाहीत.
किती वेळा विचारलं, श्रावण होता का गं, की भादवा?
ती म्हणते, घागर नवी होती.

खडू परत भिजवला. वीतभर जागेत लिहिलं:
साल माहीत नाही. बोरीला पूर. तांब्याची घागर वाहून गेली.

पेपर वाचायला आलेला एक पोरगा थांबला,
बोट ठेवून तीनही ओळी वाचल्या.
"आजोबा, हे पण एक जूनलाच झालं?"

नाही रे, म्हटलं.
एक जूनला नदीत पाणी असतं का कधी?
तो पात्राकडे बघत राहिला.
मी हात झटकले,
पांढरी भुकटी शर्टावर उडाली.
ओळ तशीच राहू दिली.